रात्री रस्त्यावर मीठ कोण टाकतं? ब्रिटनच्या गोठत्या हिवाळ्यात सुरक्षित रस्ता निवडायची सविस्तर माहिती

ब्रिटनमध्ये नव्यानं आलेली मराठी मंडळी हिवाळा म्हटलं की हिमवर्षावाची धास्ती घेतात. इथे काही वर्षं काढलेल्यांना धास्ती असते ती वेगळ्याच सकाळची. आकाश निरभ्र, वारा पडलेला, बर्फाचा मागमूस नाही, रस्ता नुसता ओलसर दिसतोय. आणि पहिल्याच वळणावर स्टीअरिंग एकदम हलकं लागतं. हा ब्लॅक आइस. डांबरावर गोठलेला पाण्याचा इतका पातळ थर की खालचं डांबर स्वच्छ दिसत राहतं.

तो बसू नये म्हणून कौन्सिल, म्हणजे इथलं स्थानिक प्रशासन, आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे रस्त्यावर मीठ टाकते. सगळ्या रस्त्यांवर नाही आणि रोज रात्रीही नाही. कुठे, कधी, किती हे हिवाळ्याआधीच ठरलेलं असतं, बहुतेक कौन्सिलच्या वेबसाइटवर जाहीरही असतं. पण ते वाचतो कोण! सकाळी सातची पाळी गाठणारी एनएचएसमधली नर्स, स्विंडनच्या गोदामांत पहाटे कामावर जाणारी गोव्याची मंडळी, मुलांना शाळेत सोडून स्टेशनकडे पळणारे आयटीवाले, यांना ते वाचायचा सर्वांत जास्त उपयोग आहे. म्हणून ही व्यवस्था कशी चालते आणि तिच्या कुठल्या टप्प्यावर आपण काय करायचं, ते क्रमानं लिहितो. नियम मुख्यतः इंग्लंडचे आहेत. बाकी ठिकाणचा फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगेन.

१. रस्ता कोणाचा, ते आधी बघा

पहिली गल्लत इथेच होते. तुम्हाला कौन्सिल टॅक्सचं बिल पाठवणारी कौन्सिल रस्त्यावर मीठ टाकतेच असं नाही. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दोन पातळ्यांच्या कौन्सिल आहेत. बिल पाठवणं आणि कचरा उचलणं हे डिस्ट्रिक्ट कौन्सिलचं काम, रस्ते मात्र काउंटी कौन्सिलचे. मग लोक डिस्ट्रिक्टला फोन लावतात, तिथला माणूस नम्रपणे काउंटीचा नंबर देतो आणि अर्धा तास जातो. युनिटरी कौन्सिल असेल तर हा घोळ नाही, सगळं एकाच छताखाली असतं.

मोटरवे आणि प्रमुख ए-रोड (शहरांना जोडणारे मुख्य रस्ते) यांचा कौन्सिलशी संबंध नाही. इंग्लंडमध्ये ते नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीकडे आहेत, साधारण ४,३०० मैलांचं जाळं. लंडनमध्ये लाल रेघांचे मुख्य रस्ते ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे आणि बाकीचे त्या त्या बरोकडे, म्हणजे त्या भागाच्या कौन्सिलकडे. स्कॉटलंडमध्ये ट्रंक रोड, म्हणजे मोठे महामार्ग, ट्रान्सपोर्ट स्कॉटलंडचे, उरलेले ३२ कौन्सिलचे. उत्तर आयर्लंडमध्ये कौन्सिलांकडे रस्ते नाहीतच. ते इन्फ्रास्ट्रक्चर खातं बघतं. आणि नव्या वसाहतींमधले कित्येक रस्ते अजून बिल्डरच्याच ताब्यात असतात. तिथे कौन्सिलचा ग्रिटर, म्हणजे मीठ टाकणारी गाडी, येत नाही. नवं घर घेताना बागेचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे सगळे विचारतात, रस्ता कौन्सिलनं ताब्यात घेतलाय का हे फार थोडे विचारतात.

२. ऑक्टोबरमध्येच नकाशा उघडा

कौन्सिलच्या वेबसाइटवर ‘ग्रिटिंग रूट्स’ शोधा. नकाशावर रंगीत रेघा दिसतील. पहिल्या प्राधान्याच्या रस्त्यांवर गोठण्याचा अंदाज आला की दर वेळी मीठ पडतं: कौन्सिलकडचे ए-रोड, त्याखालच्या दर्जाचे पण महत्त्वाचे बी-रोड, मुख्य बसमार्ग, हॉस्पिटल, अग्निशमन केंद्र आणि अँब्युलन्स स्टेशनकडे जाणारे रस्ते. दुसऱ्या प्राधान्याच्या रस्त्यांचा नंबर थंडी लांबली किंवा बर्फ पडला तरच लागतो. बाकी सगळे, म्हणजे तुमच्या-माझ्या घरासमोरच्या गल्ल्या, कुठल्याच यादीत नसतात. अनेक कौन्सिल आपल्या एकूण रस्त्यांपैकी निम्म्याहून कमी लांबीवर नियमित मीठ टाकतात.

यावर चिडण्यात अर्थ नाही, कारण हिशेब साधा आहे. ग्रिटरची फेरी साधारण दोन-तीन तासांत संपली पाहिजे, नाहीतर शेवटच्या मैलावर मीठ पोचायच्या आत रस्ता गोठलेला असेल. गल्ल्या जोडत गेलं तर फेरी लांबते आणि मुख्य रस्ता उशिरा होतो.

तेव्हा नकाशा डाउनलोड करून घर ते ऑफिस, घर ते शाळा, घर ते स्टेशन असे आपले मार्ग त्यावर ताडून बघा. सॅटनॅव्ह, म्हणजे गाडीतला वाट दाखवणारा नकाशा, सर्वांत जवळचा रस्ता सांगतो, मीठ पडलेला रस्ता नाही. दोन मिनिटं वाचवायला तो गावाबाहेरच्या अरुंद, झाडीच्या, कधीच ऊन न लागणाऱ्या गल्लीतून नेईल. हिवाळ्यासाठी वेगळा मार्ग ठरवा: घरातून निघाल्यावर रंगीत रेघेवर लवकरात लवकर पोचायचं आणि होईल तितकं तिच्यावरच राहायचं. मैल-दोन मैल जास्त पडले तरी चालतील. माझ्या मते सबंध हिवाळ्यात सर्वांत जास्त उपयोगी पडणारं काम हेच आहे, आणि ते चहा पिता पिता होतं.

३. दुपारी काय ठरतं

मीठ टाकायचं की नाही हा निर्णय रात्री खिडकीतून बघून होत नाही. हवामानाच्या संस्थेकडून कौन्सिलला खास रस्त्यांसाठीचा अंदाज येतो, सहसा दुपारच्या सुमाराला, पुढच्या चोवीस तासांचा. ड्यूटीवरचा अधिकारी तो वाचून त्या रात्रीचा हुकूम काढतो. संध्याकाळी अंदाज सुधारून येतो आणि गरज पडली तर हुकूमही बदलतो.

आपल्या फोनवरचा अंदाज आणि हा अंदाज यांत मोठा फरक आहे. फोन सांगतो ते हवेचं तापमान, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास मोजलेलं. अधिकारी बघतो ते रस्त्याच्या पृष्ठभागाचं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री डांबर आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतं आणि हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतं. फोनवर २ अंश दिसत असताना रस्ता शून्याखाली असू शकतो. ढगाळ रात्री हे उलट, कारण ढग ती उष्णता अडवतात. कडेला खांबावर हवामानाची छोटी यंत्रं आणि कॅमेरा दिसला तर समजा की त्याच्या आसपास डांबरात सेन्सर पुरलेला आहे. तापमान, ओल आणि आधीचं किती मीठ शिल्लक आहे याचा अंदाज तो कळवत असतो.

अधिकाऱ्यापुढे प्रश्न दोन: रस्ता किती थंड होणार, आणि त्यावर पाणी असणार का? रस्ता शून्याच्या आसपास किंवा खाली जाणार आणि ओला असणार, तर मीठ. कोरडा असेल आणि दवही पडणार नसेल, तर कडाक्याच्या थंडीतही गाड्या बाहेर काढायची गरज नसते. सर्वांत अवघड रात्र म्हणजे संध्याकाळी पाऊस आणि मागोमाग आकाश मोकळं होणार असेल ती. लवकर टाकलेलं मीठ पाऊस धुऊन नेतो आणि उशीर झाला तर पाणी आधी गोठतं. मधली फट तासाभराचीही असते. ‘आमच्याकडे काल मीठ टाकलंच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अशाच सकाळी ऐकू येते, आणि बहुतेक वेळा मीठ टाकलेलं असतं.

तुम्ही करायचं ते सोपं. कौन्सिल हा निर्णय वेबसाइटवर, एक्सवर किंवा फेसबुकवर टाकते. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी जेवणाआधी एकदा बघा. मीठ टाकणार असं दिसलं की उद्या सकाळी तुमची गल्ली, जिथे मीठ पडणार नाही, ती घसरडी असण्याची शक्यता आहे असं समजायचं. निर्णय मुख्य रस्त्यांचा असतो, पण खबर तुमच्या गल्लीची मिळते. स्कॉटलंडमध्ये तर ट्रंक रोडवरचे ग्रिटर नकाशावर थेट फिरताना दिसतात, आणि प्रत्येकाला नाव असतं. त्यातल्या एकाचं नाव ‘सर अँडी फ्लरी’. मुलांना हा नकाशा दाखवा, शाळेची तयारी बाजूला राहील.

४. मीठ काय करतं, काय करत नाही

हे मीठ समुद्राचं नाही. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांतलं पांढरं मीठ डोळ्यांपुढे असेल तर ग्रिटरमधला तपकिरी, मातकट ढीग बघून शंका येईल. ते खाणीतलं आहे, म्हणजे उपवासाच्या सैंधवाचंच हे न धुतलेलं भावंड. चेशरमधल्या विन्सफर्डला १८४४ साली कोळसा शोधताना मीठ लागलं. तिथली खाण आजही चालू आहे. नॉर्थ यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं बोल्बी आणि बेलफास्टजवळचं किलरूट या आणखी दोन मोठ्या खाणी. रंग येतो तो त्यातल्या चिकणमातीमुळे.

सोडियम क्लोराइड पाण्यात विरघळलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. पाण्यात ५ टक्के मीठ असेल तर ते उणे ३ अंशांच्या आसपास गोठतं, १० टक्के असेल तर उणे साडेसहाच्या आसपास. २३ टक्क्यांच्या थोडं वर उणे २१ पर्यंत जाता येतं, पण ते प्रयोगशाळेत. रस्त्यावर उणे ७ च्या खाली मिठाचं काम मंदावतं आणि उणे १० च्या पुढे त्याच्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. ब्रिटनच्या बहुतेक भागांत इतकी थंडी क्वचित पडते म्हणूनच मीठ इथे पुरतं.

साध्या गोठत्या रात्री दर चौरस मीटरला ८ ते १० ग्रॅम मीठ पडतं, म्हणजे जेमतेम दोन चमचे. सहा मीटर रुंदीच्या रस्त्याला किलोमीटरमागे ६० किलो. थंडी जास्त असेल तर २० ग्रॅम, बर्फ येणार असेल तर ४० पर्यंत.

आता गणित करून बघा. रस्त्यावर दवाचा थर असेल ०.०५ मिलिमीटरचा, तर चौरस मीटरला पाणी होतं ५० ग्रॅम. त्यात १० ग्रॅम मीठ म्हणजे चांगलंच तीव्र द्रावण, ते उणे दहाला सुद्धा गोठणार नाही. पण पावसानंतर ०.२ मिलिमीटर पाणी साचलं असेल तर तेच १० ग्रॅम मीठ उणे तीनपर्यंतच पुरतं. आणि १० सेंटीमीटर ताजा बर्फ पडला तर त्यात साधारण एक सेंटीमीटर पाणी असतं, म्हणजे चौरस मीटरला १० किलो. त्यात २० किंवा ४० ग्रॅम मिठानं काय होणार? ‘बर्फ पडल्यावर मीठ का नाही टाकलं’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मीठ बर्फ वितळवायला टाकत नाहीत; पाण्याला गोठू न देण्यासाठी आणि बर्फाला डांबराशी चिकटू न देण्यासाठी टाकतात.

दुसरी गोष्ट, खडे मीठ पडलं की लगेच काम सुरू होत नाही. गाड्यांची चाकं ते चिरडतात, पसरवतात, पाण्यात मिसळवतात. म्हणून ज्या रस्त्यावर वर्दळ, तिथे मीठ लवकर लागू पडतं. रविवारी पहाटे किंवा ख्रिसमसच्या सकाळी मीठ टाकलेला रस्तासुद्धा घसरडा असू शकतो, कारण त्यावरून अजून कोणी गेलेलंच नसतं. कोरड्या रस्त्यावर उलटी अडचण: गाड्यांच्या वाऱ्यानं खडे कडेला उडतात. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी मीठ टाकतानाच त्यावर मिठाचं पाणी फवारतात, तर काही कौन्सिल उसाच्या मळीसारख्या चिकट पदार्थाचा हात दिलेलं मीठ वापरतात. ते रस्त्याला धरून राहतं आणि कमी लागतं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या मळीला इतकं थंड काम कधी लागलं नसेल.

५. ग्रिटर दिसला की

मागे राहा. पिवळा दिवा फिरणारी ही गाडी साधारण ताशी ३० मैलांच्या आसपास चालते आणि मागे खडे फेकत जाते. जवळ गेलात तर तुमच्या काचेवर आणि रंगावर ते आपटतील. ओव्हरटेक करायचा मोह होतो. पण तिच्या पुढच्या रस्त्यावर अजून मीठ पडलेलं नाही, हे लक्षात ठेवलं की मोह आवरतो.

ग्रिटर गेला पण मीठ दिसलं नाही, असं वाटलं तर त्याला साधी कारणं असतात. तो अजून त्याच्या मार्गाच्या सुरुवातीकडे चाललेला असेल, किंवा परत येताना दोन्ही बाजू आधीच झालेल्या असतील. शिवाय चौरस मीटरला दोन चमचे मीठ अंधारात दिसत नाही.

आणि गाडी उभी करताना विचार करा. ग्रिटर अडीच मीटर रुंद असतो, पुढे बर्फ लोटायचा नांगर लावला तर आणखी रुंद. दोन्ही बाजूंना समोरासमोर गाड्या लावल्या की तो वळतो आणि निघून जातो, अख्खा रस्ता तसाच राहतो.

६. बर्फ खरोखर पडला तर

मग कौन्सिलचं कामच बदलतं. आधी नांगरानं बर्फ बाजूला, मग मीठ. खाली आधीच मीठ पडलेलं असेल तर बर्फ सहज सुटतो. नसेल तर गाड्यांखाली दाबला जाऊन त्याची फरशी बनते. तशा दाबलेल्या बर्फावर मिठात वाळू किंवा बारीक खडी मिसळून टाकतात, निदान चाकांना पकड मिळावी म्हणून. ग्रामीण भागांत कौन्सिलनं आधीच करार केलेले शेतकरी आपापल्या ट्रॅक्टरला नांगर जोडून गावरस्ते मोकळे करतात. मला ही व्यवस्था फार आवडते, कारण कुठल्या वळणावर वारा बर्फ आणून टाकतो हे त्या शेतकऱ्याला कुठल्याही सेन्सरपेक्षा चांगलं माहीत असतं.

डोंगरातले काही रस्ते सरळ बंदच होतात. डर्बीशरमधला स्नेक पास आणि मॅकल्सफील्ड ते बक्स्टन जाणारा कॅट अँड फिडलचा रस्ता हिवाळ्यात वारंवार बातमीत असतो. स्कॉटलंडमध्ये ग्लेनशीसारख्या ठिकाणी रस्त्यालाच फाटकं बसवलेली आहेत. फाटक लागलं की पलीकडे जायचं नाही, सॅटनॅव्ह काहीही म्हणो.

मोठ्या बर्फानं ही व्यवस्था कोलमडल्याचेही दाखले आहेत. जानेवारी २००३ च्या अखेरीला एम-११ वर लोक रात्रभर गाड्यांत अडकले. २ फेब्रुवारी २००९ ला लंडनच्या बस बंद पडल्या. २००९-१० च्या लांबलेल्या थंडीत मीठच कमी पडलं, आणि कोणाला किती द्यायचं हे सरकारच्या वेगळ्या कक्षाला ठरवावं लागलं. त्यानंतर डेव्हिड क्वार्म्बी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं हिवाळ्याआधी कौन्सिलनं किती साठा ठेवावा ते सुचवलं: सलग १२ दिवसांच्या कडाक्याला, म्हणजे ४८ फेऱ्यांना पुरेल इतका. कमी मिठात काम कसं भागेल यावरही त्यांनी भर दिला. आज चौरस मीटरला आठ-दहा ग्रॅमवर निभावतं, त्यामागे तो अनुभव आहे.

७. शेवटचा अर्धा मैल तुमचा

घरापासून मीठ टाकलेल्या रस्त्यापर्यंतचा तुकडा कौन्सिलच्या यादीत नाही. तो आपणच सांभाळायचा.

*पिवळी पेटी.* चढावर, तीव्र वळणावर, चौकाजवळ कौन्सिल मिठाची पेटी ठेवते, ग्रिट बिन. त्यातलं मीठ सार्वजनिक रस्त्यावर आणि फुटपाथवर टाकायला कोणालाही मुभा आहे. स्वतःच्या ड्राइव्हवेसाठी मात्र ते नाही. घरी भरून नेणं ही चोरी धरली जाऊ शकते. तुमच्या गल्लीत चढ असूनही पेटी नसेल तर उन्हाळ्यातच अर्ज करा. चढ किती, वळण कसं, जवळ वृद्धांची घरं आहेत का, हे बघून कौन्सिल ठरवते. कौन्सिल नाही म्हणाली तर पॅरिश कौन्सिलला, म्हणजे गावपातळीवरच्या कौन्सिलला विचारा, काही ठिकाणी त्या स्वतःच्या खर्चानं पेटी ठेवतात. पेटी रिकामी दिसली तर वेबसाइटवर कळवा.

*फुटपाथ.* घरासमोरचा बर्फ काढलात आणि तिथे कोणी पडलं तर आपल्यावर दावा लागेल, ही अफवा फार जुनी आहे. घरासमोरचा फुटपाथ साफ करण्यापासून अडवणारा कायदा नाही, आणि काळजीपूर्वक साफ केलं असेल तर दावा होण्याची शक्यता फार कमी आहे, असं सरकारच सांगतं. पद्धत अशी:

— सकाळी लवकर काढा. ताजा, भुसभुशीत बर्फ फावड्याला येतो. तुडवलेला येत नाही.
— आधी मधोमध चालण्यापुरती वाट करा, मग तिच्यावर उभं राहून मधून कडेला लोटा. ढीग गटाराच्या जाळीवर किंवा शेजाऱ्याच्या दारात नको.
— गरम पाणी अजिबात ओतू नका. ते वाहून पसरतं, गोठतं, आणि आधीपेक्षा वाईट काच तयार होते.
— मग मीठ. स्वयंपाकघरातलं किंवा डिशवॉशरचं चालतं, चौरस मीटरला एक मोठा चमचा. झाडांवर आणि हिरवळीवर पडू देऊ नका. मीठ नसेल तर वाळू किंवा राख. वितळवत नाही पण पाय धरून ठेवते.
— पायऱ्यांवर थोडं जास्त टाका.
— बर्फ दिवसा वितळला तर संध्याकाळी पुन्हा मीठ टाका, नाहीतर ते पाणी रात्री गोठेल.

शेजारी एकटे आजीआजोबा राहत असतील तर त्यांच्या दारापर्यंतची वाटही करून टाका. हिवाळ्यातलं शेजारपण इथे असंच सुरू होतं.

८. गाडीत बसण्याआधी

काचेवर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. खरवडणी आणि डी-आयसर वापरा. इंजिन चालू ठेवून गाडी रस्त्यावर सोडून घरात जाणं बेकायदा आहे, आणि तेवढ्यात गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी हात वर करू शकते. सगळ्या काचा, दिवे, नंबरप्लेट स्वच्छ हव्यात. समोर पोस्टाच्या पेटीएवढं भोक पाडून निघालात तर दंड होऊ शकतो. टपावरचा बर्फही काढा, ब्रेक मारला की तो सरळ तुमच्याच काचेवर येतो.

हायवे कोड, म्हणजे वाहतुकीच्या नियमांची सरकारी पुस्तिका, सांगते की गोठलेल्या रस्त्यावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं. ताशी ३० मैलांना कोरड्या रस्त्यावर ते २३ मीटर आहे. दहापट म्हणजे २३० मीटर, आपल्याकडच्या क्रिकेटच्या मैदानाच्या आरपार जाऊन बाहेर. पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं ते यावरून ठरवा. मॅन्युअल गाडी असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये अलगद उचला. घसरली तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा आणि ज्या बाजूला गाडीचा मागचा भाग घसरतोय त्याच बाजूला हळूच स्टीअरिंग वळवा.

तीन जागा नेहमी आधी गोठतात: पूल, कारण त्याला खालूनही थंड हवा लागते, दरीतले खोलगट भाग, कारण जड थंड हवा तिथे साचते, आणि झाडांच्या किंवा भिंतींच्या सावलीतले तुकडे, जिथे दुपारीही दव सुटत नाही. मीठ टाकलेल्या रस्त्यावरसुद्धा इथे वेग कमी करा. बहुतेक गाड्या बाहेर ३-४ अंश झाले की घंटी वाजवतात. ती उगाच वाजत नाही, हवा ३ अंश असताना डांबर शून्यावर असू शकतं.

९. घसरून इजा झाली तर

कायदा इथे थोडा वळणाचा आहे. २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, निकाल दिला की रस्ता दुरुस्त ठेवण्याच्या कर्तव्यात बर्फ हटवणं येत नाही. मग २००३ मध्ये संसदेनं १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम ४१ मध्ये भर घातली: बर्फामुळे किंवा हिमामुळे रस्त्यावरची ये-जा धोक्यात येऊ नये याची काळजी, व्यवहारात शक्य असेल तितकी, रस्ते सांभाळणाऱ्या संस्थेनं घ्यायची. हा नियम इंग्लंड आणि वेल्सचा. स्कॉटलंडमध्ये १९८४ च्या कायद्याचं कलम ३४ अशाच अर्थाचं आहे.

‘व्यवहारात शक्य असेल तितकी’ यात सगळं आलं. कौन्सिलकडे विचारपूर्वक केलेली योजना होती आणि ती त्या रात्री पाळली गेली, हे ग्रिटरच्या जीपीएस नोंदींवरून दिसलं, तर दावा सहसा टिकत नाही. यादीत नसलेल्या गल्लीत घसरलात तर आशा आणखी कमी. पण यादीतला रस्ता, गोठण्याचा स्पष्ट अंदाज, आणि तरीही मीठ नाही, असं असेल तर विचारायला हरकत नाही. लगेच जागेचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, साक्षीदाराचा नंबर घ्या, डॉक्टरकडे नोंद करा. त्या रात्रीच्या ग्रिटिंगच्या नोंदी माहिती अधिकाराखाली मागता येतात. इजेच्या दाव्यासाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण वकिलाकडे त्याआधीच जा.

१०. मार्चमध्ये

गाडी खालून धुऊन घ्या. चाकांच्या कमानीत आणि ब्रेकच्या नळ्यांवर साचलेलं मीठ लोखंड खातं, आणि वरून पुसलेली गाडी खालून तशीच राहते.

हिवाळाभर डांबराच्या भेगांत शिरलेलं पाणी गोठून फुगलं, वितळलं, पुन्हा गोठलं, की वसंतात खड्डे उघडे पडतात. दिसला की कौन्सिलच्या वेबसाइटवर किंवा रस्त्यांच्या तक्रारींच्या फिक्समायस्ट्रीट या साइटवर कळवा, फोटो आणि नेमक्या जागेसकट. तुमचं टायर अजून फुटलं नसलं तरी कळवा. खड्डा आहे हे कौन्सिलला माहीत होतं का, यावर पुढच्या माणसाच्या नुकसानभरपाईचा बराचसा निकाल लागतो, आणि तुमच्या त्या नोंदीवर तारीख असते.